जॅकार्ड नक्षीसंचिकांचे रूपांतर, सोलापूर येथील

जॅकार्ड नक्षीसंचिकांचे रूपांतर : जॅकार्ड मागावर विणावयाची नक्षी ज्या माध्यमात नोंदलेली असते त्यातून ती दुसऱ्या माध्यमात, किंवा एका यंत्राला कळणाऱ्या नोंदीतून दुसऱ्या यंत्राला कळणाऱ्या नोंदीत उतरविण्याची क्रिया. या संचिका (फाइली) सामान्य संगणकवापरात आढळत नाहीत. पत्र, छायाचित्र किंवा हिशेबाचा तक्ता यांच्या संचिका कोणत्याही संगणकावर उघडतात. मागाची संचिका मात्र विशिष्ट बनावटीच्या नियंत्रकालाच वाचता येते. त्यामुळे यंत्र बदलले की नक्षीचे काय करावयाचे, हा प्रश्न जेथे जेथे नक्षीदार कापड विणले जाते तेथे उद्भवतो. चादर व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरात तो विशेष तीव्र आहे. कारण तेथे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणारे यांत्रिक जॅकार्ड आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड या दोन पिढ्या शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत.

सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये पोहोचली आणि १८७७ मध्ये तेथील पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्यांचा इतिहास हा येथे विषय नाही. त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डबघाईला आल्या व एकामागून एक बंद पडल्या, एवढे नमूद करणे पुरेसे आहे. नक्षीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो शहराच्या पूर्व भागातील घरगुती व लहान कारखान्यांचा व्यवसाय. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी तो प्रथम हातमागावर व पुढे यंत्रमागावर वाढविला. घरात तेलुगू, बाजारात मराठी अशी या वस्तीची रीत असून अनेक कुटुंबांत पुरुष मागावर व स्त्रिया विड्या वळण्याच्या कामावर, अशी श्रमविभागणी दीर्घकाळ टिकून राहिली. जाड सुताची, टिकाऊ, मोठ्या नक्षीची चादर ही या व्यवसायाची मुख्य ओळख. मयूरपंख या नावाने ओळखली जाणारी नक्षी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल या दोहोंना २००५-०६ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली.

अशी मोठी नक्षी साध्या मागावर निघत नाही. साध्या मागात ताण्याचे (उभ्या सुताचे) धागे थोड्या वयांमध्ये ओवलेले असतात व एका वईतील सर्व धागे एकदमच वर उचलले जातात. फुलाची पाकळी किंवा मोराचे पीस विणावयाचे, तर कोणता धागा उचलावयाचा हे बाण्याच्या (आडव्या सुताच्या) प्रत्येक फेरीला स्वतंत्रपणे ठरवावे लागते. जुन्या नक्षीमागावर हे काम मागाजवळ बसलेला मदतनीस दोऱ्या ओढून करी. बनारसच्या नक्शबंदांची नक्षी तर दोऱ्यांतच बांधून ठेवलेली असे. म्हणजे ती नोंद कागदावर नव्हे, सुतावर होती. फ्रान्समधील लीआँ येथे बाझील बूशाँ याने १७२५ मध्ये छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी, तर फाल्काँ याने १७२८ मध्ये एकमेकांस जोडलेले पत्ते या कामी वापरले. व्होकांसाँ याच्या १७४५ च्या सुमाराच्या प्रयत्नानंतर जोझेफ मारी जॅकार्ड (१७५२–१८३४) याने १८०४ मध्ये या सर्वांतील उपयुक्त भाग एकत्र आणून चालू शकणारे यंत्र सिद्ध केले. जॅकार्डला सर्व श्रेय देण्याची प्रथा आहे; ती इतिहासास धरून नाही.

यंत्राची क्रिया अशी : ताण्याचा धागा एका दोरीने वरील हुकाशी जोडलेला असतो व प्रत्येक हुकाला एक आडवी सुई असते. नक्षीचा पत्ता एका फिरत्या लाटेवरून सुयांच्या टोकांसमोर येतो (ही लाट चौकोनी असूनही कारागिरीच्या भाषेत तिला सिलिंडरच म्हणतात). पत्त्यात छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या सुऱ्यांच्या चौकटीत अडकून धागा उचलतो. छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते, हूक चौकटीपासून दूर होतो व धागा खालीच राहतो. अशा रीतीने ताण्याच्या दोन थरांत पडलेल्या फटीतून धोटा जातो आणि पुढचा पत्ता समोर येतो. छिद्र आहे किंवा नाही, याहून वेगळी तिसरी शक्यता येथे नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित वैश्लेषिक यंत्रासाठी हीच पत्त्यांची कल्पना उचलली. सु. २४,००० पत्ते वापरून १८३९ मध्ये विणलेले जॅकार्डचे रेशमी चित्र त्याच्या संग्रही होते. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ याने पत्ते मोजणीसाठी वापरले आणि तेथून ते संगणकाकडे गेले. तेव्हा मागाची नोंद संगणकात गेली असे म्हणण्यापेक्षा ती फिरून स्वगृही आली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

सोलापूरच्या यंत्रमागावर नक्षी चढविण्याची जुनी पद्धत पुढीलप्रमाणे होती. नक्षीकार प्रथम मोठ्या आकाराचे चित्र काढी. ते चौकटीच्या कागदावर (ग्राफवर) उतरविले जाई. त्यातील प्रत्येक उभी रांग म्हणजे एक हूक व आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेरी. रंगविलेली घरे व कोरी घरे पाहून पत्ते पाडणारा कारागीर एकेका फेरीचा पत्ता यंत्रावर पाडी. नंतर क्रमांकानुसार पत्ते दोऱ्याने ओवून त्यांची साखळी केली जाई. चारशे हुकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जॅकार्डात प्रत्यक्षात आठ छिद्रांच्या एक्कावन्न ओळी, म्हणजे ४०८ जागा असतात. जादा जागा किनारीसारख्या कामांसाठी उपयोगी पडतात. नक्षीची एक आवृत्ती २,००० फेऱ्यांची धरली तर २,००० पत्ते लागतात आणि चारशे हुकांच्या हिशेबाने त्यांत आठ लाख होय-नाही निर्णय साठविलेले असतात. संगणकाच्या मापाने हे एक लाख बाइट होतात. साडेतीन इंची फ्लॉपी चकतीवर अशा चौदा नक्ष्या मावतात. पत्त्यांच्या रूपात त्याच चौदा नक्ष्यांना २८,००० पत्ते व ते टांगून ठेवण्यासाठी एक खोली लागते.

पत्त्याचे आयुष्य मर्यादित असते. पावसाळ्यात तो दमटपणाने फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. छिद्र व सुई यांचा मेळ चुकला की कापडावर चुकीचा ठिपका उमटतो. सतत आपटून छिद्रांच्या कडा फाटतात, ओवण्याचा दोरा तुटतो, उंदीर पुठ्ठा कुरतडतात. मात्र पत्त्यांचा एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. मागावर नक्षी चढल्यानंतर एखादा धागा फार लांब तरंगताना दिसला, किंवा एखाद्या पाकळीची कड बोथट वाटली, तर कारागीर त्या जागचे छिद्र कागद चिकटवून बुजवी वा नवे छिद्र पाडी. ही दुरुस्ती ग्राफवर परत नोंदली जाईलच असे नसे. त्यामुळे एखाद्या जुन्या नक्षीचा ग्राफ व पत्ते दोन्ही उपलब्ध असतील आणि त्यांत तफावत आढळली, तर पत्ता हाच अधिक विश्वसनीय साक्षीदार मानावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड १९८३ मध्ये मिलान येथील यंत्रप्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने मांडले. यात पत्ता, लाट व सुया नसतात. प्रत्येक हुकाची निवड विद्युत् चुंबकाच्या साहाय्याने होते व आज्ञा नियंत्रकाच्या स्मृतीतून येतात. स्टॉब्ली, ग्रोसे इ. यूरोपीय कंपन्यांनी व पुढे चिनी उत्पादकांनीही अशी यंत्रे बनविली. हुकांची संख्या एकदम वाढली : १,३४४, २,६८८ व ५,३७६ या क्षमता प्रचलित झाल्या. भारतात १९९९ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेमुळे नवे माग घेण्यास कर्जावरील व्याजात सवलत मिळू लागली. सोलापुरात हा बदल मुख्यत्वे टॉवेलाच्या कारखान्यांतून आला. चादरीची मागणी घटत गेल्यावर पुष्कळ कारखानदार टॉवेलाकडे वळले होते आणि निर्यातीच्या बाजारात नवनव्या नक्ष्या थोड्या अवधीत द्याव्या लागत.

प्रत्येक उत्पादकाने आपल्या नियंत्रकासाठी संचिकेची स्वतःची मांडणी ठरविली. स्टॉब्लीच्या नियंत्रकांची ‘जेसी-५’ व बोनासची ‘ईपी’ या मांडण्या विशेष परिचित आहेत. आतील मजकूर तत्त्वतः एकच असतो : हूक किती, फेऱ्या किती, आणि प्रत्येक फेरीला प्रत्येक हुकाची स्थिती. २,६८८ हूक व २,००० फेऱ्यांच्या नक्षीला हे ६ लाख ७२ हजार बाइट होतात. आजच्या एका साध्या छायाचित्रापेक्षाही कमी. भेद असतो तो प्रारंभीच्या नोंदीत, बिटांच्या क्रमात आणि नक्षीबाहेरील आज्ञांत. बाण्याचा कोणता रंग आत यावयाचा, कापड पुढे सरकवावयाचे की थांबवावयाचे, टॉवेलाचे फासे कोणत्या फेरीपासून सोडावयाचे, किनार कशी बांधावयाची, या आज्ञा मागाच्या रचनेनुसार ठरावीक हुकांच्या जागी लिहिलेल्या असतात. रूपांतर करताना या जागा चुकल्या, तर फूल यथास्थित उमटते पण किनार सुटते. असा दोष संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. तो मागावरच कळतो व तोवर सूत वाया गेलेले असते.

चित्रापासून मागाच्या संचिकेपर्यंतचा मार्ग सोपा वाटतो, पण बहुतेक चुका येथेच होतात. पहिली चूक चित्र साठविण्याच्या पद्धतीची. छायाचित्रांसाठी रूढ असलेली जेपेग पद्धती जागा वाचविण्यासाठी चित्रातील बारकावे टाकून देते आणि रंगांच्या कडांना अनेक मधल्या छटा निर्माण करते. पांढऱ्या भूमीवरील काळे फूल या पद्धतीने साठविले की त्याच्या कडेला करड्या रंगाच्या डझनावारी छटा येतात. डोळ्याला त्या जाणवत नाहीत. मागाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक रंगाला एक विण नेमून द्यावयाची असते व करड्या छटेला द्यावयाची विण अस्तित्वातच नसते. म्हणून नक्षीचे चित्र ठरावीक रंगांचे, काहीही न गमावणाऱ्या बीएमपी किंवा टिफ यांसारख्या पद्धतीत ठेवावे लागते. दुसरी चूक प्रमाणाची. कापडात इंचाला ताण्याचे ६० व बाण्याचे ४० धागे असतील, तर दोन इंच व्यासाचे वर्तुळ १२० बाय ८० घरांत बसते. पडद्यावर घरे चौरस दिसत असल्यामुळे हे वर्तुळ चपटे, आडव्या लंबगोलासारखे भासते. नवशिका चालक ते ‘दुरुस्त’ करून गोल करतो आणि कापडावर उभट अंडे विणले जाते. जुना ग्राफ छापतानाच त्याची घरे कापडाच्या धाग्यांच्या प्रमाणात आखलेली असत, त्यामुळे ही चूक संभवत नसे. संगणकाने दिलेली सोय येथे एका जुन्या शहाणपणाला मुकली आहे.

याहून बिकट काम जुन्या पत्त्यांवरून संचिका तयार करण्याचे आहे. प्रथम पत्ते क्रमाने लावून प्रत्येकाचे प्रकाशाच्या साहाय्याने चित्र घेतात किंवा वाचनयंत्रातून ते नेतात. पत्त्यावरील सर्व छिद्रे नक्षीची नसतात. काही लाटेच्या खुंट्यांसाठी व काही ओवण्याच्या दोऱ्यासाठी असतात. ती वगळल्यावर उरलेली छिद्रे आठ-आठच्या ओळींतून काढून हुकांच्या सलग क्रमात मांडावी लागतात. पहिला हूक मागाच्या डाव्या बाजूला की उजव्या, पुढच्या ओळीत की मागच्या, हे त्या विशिष्ट मागाच्या बांधणीवर अवलंबून असते. कापड विणताना त्याची सुलट बाजू खाली ठेवण्याची पद्धत असेल तर छिद्र व छिद्राचा अभाव यांचा अर्थही उलटा घ्यावा लागतो. पुष्कळ सोलापुरी चादरींत एका बाजूचा रंगमेळ दुसऱ्या बाजूला उलट उमटतो. तेथे ही अदलाबदल सहजासहजी लक्षात येत नाही, कारण दोन्ही बाजू बरोबरच दिसतात.

एवढ्याने नक्षी हाती येत नाही. पत्त्यावर नोंदलेले असते ते हुकांचे कार्य, कापड नव्हे. एका हुकाला अनेक दोऱ्या बांधून तीच आकृती रुंदीत पुन्हापुन्हा विणता येते, किंवा दोऱ्या आरशातल्याप्रमाणे उलट क्रमाने बांधून अर्ध्या नक्षीवरून पूर्ण नक्षी काढता येते. चारशे हुकांना सहा-सहा धागे जोडले की २,४०० धाग्यांचे कापड होते. ही बांधणी पत्त्यात कोठेही लिहिलेली नसते. ती मागावर असते आणि माग भंगारात गेला की तीही जाते. ज्याच्याकडे पत्त्यांचा पूर्ण संच आहे पण बांधणीची माहिती नाही, त्याला मूळ चादरीचा तुकडा शोधून त्यावरून धागे मोजावे लागतात. त्यापुढची पायरी म्हणजे विण वेगळी करणे. पत्त्यातील आठ लाख निर्णयांत आकृतीचा भाग व धागे एकमेकांत बांधून ठेवणाऱ्या विणीचा भाग मिसळलेला असतो. नव्या मागावर धाग्यांची घनता वेगळी असेल, तर जुनी विण तशीच ठेवून चालत नाही. आकृती अलग काढून तिच्यावर नवी विण चढवावी लागते. एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत बिटे नेणे हे लिप्यंतर असेल, तर हे भाषांतर आहे. ते अद्यापि मुख्यतः अनुभवी नक्षीकाराच्या डोळ्यांवर अवलंबून आहे.

सर्व यंत्रांना समान अशी एखादी मुक्त मांडणी असती तर पुष्कळ श्रम वाचले असते. वयांवर चालणाऱ्या हातमागासाठी ‘विफ’ (विणकाम माहिती संचिका) ही साध्या मजकुराच्या रूपातील मांडणी तयार झाली. तिची १·१ ही आवृत्ती १९९७ मधील आहे व पाश्चात्त्य हातविणकरांत ती सर्वमान्य झाली. जॅकार्डाला तिचा उपयोग नाही, कारण तीत वयांचा विचार आहे, स्वतंत्र हुकांचा नाही. व्यवहारात एका उत्पादकाच्या संचिका दुसऱ्यांच्या नियंत्रकांनी वाचण्याची सोय हळूहळू होत गेली, आणि नक्षी आखण्याच्या आज्ञावल्यांतून अनेक मांडण्यांत संचिका काढता येऊ लागल्या. या आज्ञावल्या महाग असल्याने लहान यंत्रमागधारकाला त्या परवडत नाहीत. भारतात मीडिया लॅब एशिया या शासकीय संस्थेने (२०१७ पासून डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन) हातमाग विणकरांसाठी ‘डिजिबुनाई’ ही मुक्त आज्ञावली विकसित केली. तीत जॅकार्ड व डॉबी या दोहोंची नक्षी आखता येते.

माध्यमाचाही प्रश्न आहे. आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डांच्या नियंत्रकांना नक्षी फ्लॉपी चकतीवरून पुरविली जाई. सोनी कंपनीने २०११ मध्ये चकत्यांचे उत्पादन थांबविल्यावर जुन्या चकत्यांवर भागवावे लागले किंवा चकतीच्या जागी बसणारे व पेनड्राइव्हवरून वाचणारे जोडसाधन लावावे लागले. यंत्राला आपण चकतीच वाचत आहोत असे वाटते. पुठ्ठ्याचा पत्ता शंभर वर्षांनी उन्हात धरला तरी वाचता येतो. चुंबकीय चकती वीस-पंचवीस वर्षांत निकामी होऊ शकते. जुन्या माध्यमाला मागासलेले ठरविताना ही गोष्ट विसरली जाते.

आंतरजालावर संचिकांचे रूपांतर विनामूल्य करून देणारी अनेक स्थळे आहेत. त्यांचा भर चित्रे, ध्वनी व दस्तऐवज यांवर असतो. मागाच्या संचिका त्यांना सामान्यतः ओळखता येत नाहीत. काही वेळा संचिकेच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून काम झाल्याचा आभास निर्माण होतो. नाव बदलले तरी आतील मांडणी तीच राहते, आणि नियंत्रक ती नाकारतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीची वाचतो. शिवाय संचिका अनोळखी स्थळाकडे पाठविणे म्हणजे नक्षी परक्याच्या हाती देणे होय. पत्त्यांचा संच चोरावयाचा तर हातगाडी लागे. संचिका क्षणात जाते व गेल्याचे कळतही नाही.

नक्षीला कायद्याचे संरक्षण आहे, पण ते समजुतीपेक्षा अपुरे आहे. भौगोलिक उपदर्शन ‘सोलापुरी चादर’ या नावाचे रक्षण करते, एखाद्या विशिष्ट नक्षीचे नव्हे. आकृतिबंध अधिनियम २००० अन्वये नव्या नक्षीची नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षांचे असून आणखी पाच वर्षे वाढविता येते. नक्षी आधीच प्रसिद्ध झालेली असेल तर मात्र नोंदणी मिळत नाही, म्हणजे बाजारात खपून नावाजलेल्या जुन्या नक्षीला ही वाट बंद आहे. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम १५ नुसार, नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न केलेल्या आकृतिबंधाच्या वस्तू औद्योगिक रीतीने पन्नासपेक्षा अधिक वेळा उत्पादित झाल्या की त्यावरील प्रताधिकार संपतो. यंत्रमागावर पन्नास चादरी निघण्यास फारसा काळ लागत नाही. परिणामी नक्षीकाराचे खरे संरक्षण मूळ चित्र स्वतःजवळ ठेवण्यात असते. तो पुष्कळदा कारखानदाराला केवळ यंत्राची तयार संचिका देतो. विण चढण्यापूर्वीचे रंगीत चित्र देत नाही. कारखानदाराने माग बदलला की त्याला पुन्हा नक्षीकाराकडे जावे लागते. नक्षीकाराचा व्यवसाय बंद झालेला असेल, तर यंत्राच्या संचिकेवरून उलट प्रवास करून आकृती काढणे एवढाच मार्ग उरतो व तो पत्त्यांवरून करावयाच्या कामाइतकाच किचकट असतो.

यांत्रिक जॅकार्ड पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. पत्त्यांच्या जागी विद्युत् चुंबकांनी सुया हलविणारे जोडसाधन जुन्याच यंत्रावर बसविण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. त्यामुळे दोऱ्यांची बांधणी कायम राहते व जुनी नक्षी फारसा बदल न करता चालविता येते. उलट दिशेचे रूपांतरही होते : संगणकावर आखलेल्या नक्षीचे पत्ते संगणकनियंत्रित यंत्रावर पाडून ते जुन्या मागावर लावले जातात. पत्ते पाडणाऱ्या व ओवणाऱ्या कारागिरांचे काम यामुळे घटले. जागा अडविणारे पत्त्यांचे संच रद्दीच्या भावाने निघतात. एखादा संच जतन करावयाचा असेल, तर पत्त्यांच्या बिटांची साधी संचिका, दोऱ्यांच्या बांधणीचा आराखडा, इंचाला असलेल्या धाग्यांची संख्या, सुताचा क्रमांक आणि विणलेल्या चादरीचा एक तुकडा या पाच गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. यांपैकी पहिली सोडून बाकीच्या चार कोणत्याही रूपांतरक आज्ञावलीतून मिळत नाहीत.